मेंदूज्वराचे जीवाणू : प्रतिबंध, उपचार आणि चेन्नईचा अनुभव

चेन्नईच्या एगमोर भागातील बालआरोग्य संस्था आणि त्याच शहरातील क्षयरोग संशोधन केंद्र यांनी क्षयजन्य मेंदूज्वर झालेल्या १८० मुलांवर केलेल्या उपचारांचे निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांना त्या काळातील सर्वांत प्रभावी औषधे वर्षभर देण्यात आली होती. तरीही २७ टक्के मुले दगावली, ३९ टक्के मुलांमध्ये मज्जासंस्थेचे दोष मागे राहिले आणि ३४ टक्के मुले पूर्णपणे बरी झाली. रुग्णालयात दाखल होताना आजार कोणत्या टप्प्यात होता, याच्याशी मृत्यूच्या प्रमाणाचा निकटचा संबंध असल्याचे या अभ्यासातून दिसून आले.

या निष्कर्षांनंतर नवी प्रतिजैविके आली, नव्या लसी आल्या, तपासण्या सोप्या झाल्या. मात्र मूळ मुद्दा बदललेला नाही. जीवाणूजन्य मेंदूज्वर बऱ्याच अंशी टाळता येतो आणि तो बराही होतो. पण उपचारांना झालेला उशीर औषधांनी भरून काढता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार या आजाराच्या सुमारे सहा रुग्णांपैकी एकाचा मृत्यू होतो आणि पाचपैकी एकाला गंभीर गुंतागुंतीला तोंड द्यावे लागते.

आजार नेमका कोणता?

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती तीन पातळ आवरणे असतात. त्यांना दाह झाला की त्या अवस्थेला मस्तिष्कावरणदाह किंवा मेनिंजायटिस म्हणतात. मराठीत यासाठी 'मेंदूज्वर' हा शब्द रूढ आहे. मात्र डासांमार्फत पसरणाऱ्या जपानी मेंदूज्वरासाठीही हाच शब्द वापरला जात असल्याने अनेकदा गोंधळ होतो. जपानी मेंदूज्वर विषाणूंमुळे होतो आणि त्यात प्रत्यक्ष मेंदूला सूज येते. या लेखात विचार केला आहे तो मेंदूच्या आवरणांना जीवाणूंमुळे होणाऱ्या दाहाचा.

मेनिंजायटिस विषाणू, बुरशी आणि परोपजीवी यांच्यामुळेही होतो. विषाणूजन्य प्रकार बहुधा सौम्य असतो आणि बऱ्याचदा आपोआप बरा होतो. जीवाणूजन्य प्रकार मात्र काही तासांत प्राणघातक ठरू शकतो. सुरुवातीच्या लक्षणांवरून दोहोंतील फरक घरी ओळखणे शक्य नसते. त्यामुळे प्रत्येक संशयित रुग्णाला तातडीने रुग्णालयात नेणे आवश्यक ठरते.

कारणीभूत जीवाणू

न्यूमोकोकस हा जीवाणू अनेक निरोगी मुलांच्या नाकात आणि घशात वास्तव्य करून असतो. बहुतेकांना त्यापासून काहीही त्रास होत नाही. काही मुलांमध्ये मात्र तो कानाचा संसर्ग किंवा न्यूमोनिया घडवतो, आणि थोड्या मुलांमध्ये रक्तात शिरून मेंदूच्या आवरणांपर्यंत पोहोचतो. त्याच्याभोवती शर्करेचे कवच असते. या कवचामुळे रक्तातील पांढऱ्या पेशींना त्याला सहजासहजी गिळंकृत करता येत नाही.

हिमोफिलस इन्फ्लुएन्झी प्रकार ब, म्हणजेच 'हिब', हा दुसरा महत्त्वाचा जीवाणू. नावात इन्फ्लुएन्झा असला तरी फ्लूच्या साथीशी त्याचा संबंध नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो फ्लूचे कारण असल्याचा समज झाला होता आणि त्यातून हे नाव कायम राहिले. हिबचा मेंदूज्वर प्रामुख्याने पाच वर्षांखालील, त्यातही दोन वर्षांखालील मुलांना होतो.

मेनिंगोकोकस हा साथी निर्माण करणारा जीवाणू आहे. व्हिएन्ना येथील संशोधक आंतोन वाइखसेलबाउम यांनी १८८७ मध्ये तो मेंदूज्वराच्या रुग्णांच्या मेंदूभोवतीच्या द्रवात शोधून काढला. दिल्लीमध्ये १९६६, १९८५ आणि २००५ मध्ये त्याच्या साथी आल्या. मेघालय आणि त्रिपुरा या राज्यांतही २००८-०९ मध्ये उद्रेक झाला. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतचा पट्टा या आजाराच्या साथींसाठी ओळखला जातो.

क्षयरोगाचा जीवाणू इतर तिघांपेक्षा वेगळ्या गतीने काम करतो. तो फुप्फुसातून रक्तावाटे मेंदूकडे जातो आणि तेथे आजार हळूहळू, काही आठवड्यांत, वाढत जातो. याच संथपणामुळे त्याचे निदान उशिरा होते.

नवजात बालकांमध्ये कारणे निराळी असतात. ई. कोलाय, क्लेब्सिएला आणि ब गटाचा स्ट्रेप्टोकोकस यांसारखे जीवाणू प्रसूतीच्या वेळी आईकडून किंवा नंतर अस्वच्छ हाताळणीतून बाळाला संसर्ग करू शकतात.

देशात कोणत्या जीवाणूचे प्रमाण किती?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१२ मध्ये काही निवडक रुग्णालयांत पाच वर्षांखालील मुलांच्या जीवाणूजन्य मेंदूज्वराची पाहणी सुरू केली. तिच्या समन्वयाची जबाबदारी चेन्नईतील राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेकडे होती. या पाहणीचे प्राथमिक निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार ३,१०४ संशयित रुग्णांपैकी २५७ जणांमध्ये जीवाणूंचा संसर्ग प्रयोगशाळेत सिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे ८३ टक्के रुग्णांत न्यूमोकोकस, १४ टक्के रुग्णांत हिब आणि सुमारे ३ टक्के रुग्णांत मेनिंगोकोकस आढळला.

संशयितांच्या तुलनेत सिद्ध झालेल्या रुग्णांची संख्या कमी दिसते. संशयितांपैकी अनेकांना विषाणूजन्य किंवा अन्य आजार असतो, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की, आपल्याकडे मूल मोठ्या रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच त्याला कोणते तरी प्रतिजैविक देण्यात आलेले असते. अशा अर्धवट उपचारांनी जीवाणू प्रयोगशाळेत वाढत नाहीत. परंतु आजार शरीरात कायम राहतो. म्हणूनच आधी घेतलेल्या औषधांची माहिती, शक्य असल्यास चिठ्ठी किंवा वेष्टन, डॉक्टरांना दाखवणे महत्त्वाचे आहे.

लक्षणे

मोठी मुले आणि प्रौढ यांच्यात तीव्र ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या, मान आखडणे, उजेड सहन न होणे, गुंगी, असंबद्ध बोलणे आणि झटके ही प्रमुख लक्षणे दिसतात. मान आखडल्याने रुग्णाला हनुवटी छातीला टेकवता येत नाही.

तान्ह्या बाळांमध्ये ही लक्षणे स्पष्ट नसतात. बाळ अंगावर पिणे सोडते, सतत किरकिरते किंवा उलट अगदी मलूल पडून राहते. उचलून घेतल्यावर शांत होण्याऐवजी ते अधिक रडते. टाळू वर आलेली व ताणलेली दिसते. नवजात बाळात तापाऐवजी अंग गार पडणे हेही संसर्गाचे चिन्ह असू शकते.

मेनिंगोकोकसच्या संसर्गात अंगावर लाल किंवा जांभळे ठिपके उमटतात. काचेच्या पेल्याने दाबूनही ते फिके पडत नसतील, तर जीवाणू रक्तात पसरल्याची ती खूण असू शकते. सावळ्या त्वचेवर हे ठिपके चटकन दिसत नाहीत. तळहात, तळपाय आणि पापण्यांच्या आतील बाजूस ते पाहावेत.

क्षयजन्य मेंदूज्वराची सुरुवात फसवी असते. एक-दोन आठवडे बारीक ताप, भूक मंदावणे, वजन घटणे, चिडचिड, खेळण्यात लक्ष नसणे, अधूनमधून उलटी, एवढेच दिसते. पोट बिघडले किंवा दात येत आहेत, असा समज करून घेतला जातो. डोळ्यांत तिरळेपणा, हातापायांतील शक्ती जाणे आणि बेशुद्धी ही लक्षणे त्यानंतरची असतात. घरात किंवा शेजारी क्षयाचा रुग्ण असेल, तर मुलाचा पाच दिवसांहून अधिक काळ टिकणारा ताप आणि उलट्या कदापि दुर्लक्षू नयेत.

निदान

पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासणे ही या आजाराची मुख्य तपासणी आहे. मेंदू आणि मज्जारज्जूभोवती फिरणारा द्रव कंबरेजवळ सुईने काढला जातो. या तपासणीने मूल लुळे पडते, अशी भीती अनेक पालकांना वाटते. प्रत्यक्षात मज्जारज्जू जेथे संपतो, त्याच्या खालच्या भागात सुई घातली जाते. तपासणी नाकारल्यास नेमके औषध निवडण्याची संधी हातची जाते.

सामान्यतः हा द्रव पाण्यासारखा नितळ असतो. न्यूमोकोकस, हिब किंवा मेनिंगोकोकसच्या संसर्गात तो गढूळ होतो, त्यातील साखर घटते आणि पांढऱ्या पेशी मोठ्या प्रमाणात वाढतात. क्षयाच्या संसर्गात तो बहुधा स्वच्छच दिसतो. मात्र त्यातील प्रथिने वाढलेली आणि साखर कमी झालेली असते. नळीत काही वेळ ठेवल्यास त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखा पातळ थर धरतो. क्षयाच्या जीवाणूंची जनुकीय तपासणी आता काही तासांत होते आणि रिफाम्पिसिन या औषधाला ते दाद देतील की नाही, हेही त्यातून कळते. तथापि, या तपासणीत जीवाणू आढळले नाहीत म्हणून क्षय नाहीच, असे म्हणता येत नाही. डॉक्टर लक्षणे, घरातील रुग्ण आणि मेंदूचे स्कॅन यांचा एकत्रित विचार करतात.

उपचार

जीवाणूजन्य मेंदूज्वराचा संशय येताच प्रतिजैविक सुरू करावे लागते. पाणी काढण्यास विलंब होणार असेल, तर रक्ताचा नमुना घेऊन औषधाचा पहिला डोस आधी दिला जातो. सेफ्ट्रिआक्झोन हे शिरेतून दिले जाणारे औषध आता बहुतेक ठिकाणी प्रथम निवडले जाते. औषधांना न जुमानणाऱ्या न्यूमोकोकसची शक्यता असल्यास व्हॅन्कोमायसिनची जोड दिली जाते. नवजात बालकांसाठी औषधांची निवड वेगळी असते.

जीवाणू मरताना त्यांच्यातून बाहेर पडणाऱ्या घटकांमुळे मेंदूभोवतीचा दाह आणखी वाढतो. तो आटोक्यात ठेवण्यासाठी पहिल्या प्रतिजैविकासोबत किंवा त्याच्या किंचित आधी डेक्झामेथाझोन हे स्टेरॉइड दिले जाते. त्यामुळे विशेषतः बहिरेपणाचा धोका कमी होतो.

उपचारांचा कालावधी जीवाणूनुसार बदलतो. मेनिंगोकोकससाठी साधारणतः पाच ते सात दिवस, हिबसाठी सात ते दहा दिवस, न्यूमोकोकससाठी दहा ते चौदा दिवस आणि नवजात बालकांतील ई. कोलायसारख्या जीवाणूंसाठी सुमारे तीन आठवडे उपचार केले जातात. ताप उतरला म्हणून औषध मध्येच थांबवणे धोक्याचे आहे.

क्षयजन्य मेंदूज्वर आणि चेन्नई

तत्कालीन मद्रासमध्ये १९५६ साली क्षयरोग औषधोपचार केंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांचा त्यात सहभाग होता. क्षयरोग्यावर आरोग्यधामात न ठेवता घरीच उपचार करता येतात, हे या केंद्राने १९५९ मध्ये जगापुढे मांडले. पुढे ते क्षयरोग संशोधन केंद्र म्हणून ओळखले जाऊ लागले आणि २०११ पासून राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था हे नाव त्याला मिळाले.

फुप्फुसाच्या क्षयात यशस्वी ठरलेली औषधे मेंदूच्या क्षयात मात्र तितकी सहज यश देत नाहीत. रक्तातून मेंदूकडे जाणाऱ्या पदार्थांना अडवणारी एक नैसर्गिक तटबंदी शरीरात असते. आयसोनिआझिड आणि पायराझिनामाइड ती सहज ओलांडतात. रिफाम्पिसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन कमी प्रमाणात पोहोचतात. लेखाच्या आरंभी उल्लेखलेल्या अभ्यासात औषधांच्या दुष्परिणामांकडेही लक्ष वेधण्यात आले होते. रोज रिफाम्पिसिन आणि मोठ्या मात्रेत आयसोनिआझिड घेणाऱ्या मुलांत काविळीचे प्रमाण बरेच होते. आयसोनिआझिडची मात्रा कमी केल्यावर ते घटले. औषध जास्त दिले म्हणजे गुण अधिक येतो असे नाही, हा धडा त्यातून मिळाला.

डॉक्टर या आजाराचे तीन टप्पे मानतात. पहिल्या टप्प्यात मूल शुद्धीवर असते आणि मज्जासंस्थेचा दोष दिसत नाही. दुसऱ्या टप्प्यात गुंगी येते किंवा एखाद्या अवयवाची शक्ती कमी होते. तिसऱ्या टप्प्यात मूल बेशुद्ध असते. चेन्नईतील अभ्यासात सर्वाधिक मृत्यू तिसऱ्या टप्प्यात दाखल झालेल्या मुलांचे होते. पहिल्या टप्प्यातील मूल बाह्यरुग्ण विभागात इतर तापाच्या मुलांसारखेच दिसते. म्हणून त्याच वेळी क्षयाची शंका घेणे हे या आजारातील सर्वांत मोलाचे पाऊल ठरते.

देशात सध्या क्षयजन्य मेंदूज्वरावर सुरुवातीला चार औषधे दोन महिने आणि त्यानंतर कमी औषधे पुढील अनेक महिने दिली जातात. एकूण उपचार साधारणतः एक वर्ष चालतात. सुरुवातीचे काही आठवडे स्टेरॉइडही दिले जाते. मेंदूत पाणी साठल्यास शस्त्रक्रिया करून नळी बसवावी लागते. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमांतर्गत क्षयाची औषधे सरकारी रुग्णालयांत विनामूल्य मिळतात.

आजारानंतर

रुग्णालयातून घरी आलेले प्रत्येक मूल पूर्ण बरे झालेले असतेच असे नाही. बहिरेपणा, झटके, दृष्टिदोष, हालचालींतील दोष आणि शिकण्यातील अडचणी मागे राहू शकतात. बहिरेपणा लहान मुलात लक्षात येण्यास महिने लागतात. मूल बोलत नाही म्हणून वाट पाहिली जाते. मेंदूज्वरानंतर अंतर्कर्णातील पोकळीत हाड तयार होऊ लागते आणि कॉक्लिअर इम्प्लांट बसवणे कठीण होत जाते. त्यामुळे रुग्णालयातून सोडण्यापूर्वी किंवा त्यानंतर चार आठवड्यांच्या आत श्रवणचाचणी करून घेणे आवश्यक आहे. तामिळनाडूत मुख्यमंत्र्यांच्या आरोग्य विमा योजनेतून मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटचा खर्च दिला जातो. अन्य राज्यांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांकडे किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करता येते.

प्रतिबंध : लसी

बीसीजी ही लस जन्मानंतर लगेच डाव्या दंडावर टोचली जाते. या लसीच्या इतिहासातही चेन्नईला विशेष स्थान आहे. शहरातील गिंडी येथे १९४८ मध्ये बीसीजी लस प्रयोगशाळा सुरू झाली. चेन्नईलगतच्या तत्कालीन चिंगलपेट जिल्ह्यात १९६८ पासून अडीच लाखांहून अधिक लोकांवर या लसीची चाचणी झाली. प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून तिने संरक्षण मिळत नसल्याचे पंधरा वर्षांच्या पाहणीनंतर स्पष्ट झाले.

या निष्कर्षामुळे लस निरुपयोगी असल्याचा समज होण्याची शक्यता होती. मात्र लहान मुलांचा मेंदूज्वर हा वेगळा प्रश्न होता. चेन्नईच्याच बालआरोग्य संस्थेत झालेल्या आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बीसीजी घेतलेल्या मुलांना क्षयजन्य मेंदूज्वरापासून लक्षणीय संरक्षण मिळत असल्याचे आढळले. जगभरातील अभ्यासांच्या २००६ मधील एकत्रित विश्लेषणानुसार हे संरक्षण सुमारे ७३ टक्के आहे. बालकांना बीसीजी देण्यामागील मुख्य कारण हेच आहे.

हिबविरोधी लस पेंटाव्हॅलंट या पंचगुणी लसीत समाविष्ट आहे. डिसेंबर २०११ मध्ये तामिळनाडू आणि केरळ या दोन राज्यांत ती सर्वप्रथम सरकारी कार्यक्रमात आली आणि पुढील काही वर्षांत देशभर लागू झाली. ती सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या वयात दिली जाते.

न्यूमोकोकसविरोधी लस, म्हणजे पीसीव्ही, २०१७ मध्ये हिमाचल प्रदेश तसेच बिहार आणि उत्तर प्रदेशच्या काही भागांतून सुरू झाली. २०२१ मध्ये ती देशभर उपलब्ध करण्यात आली. तिचे डोस सहा आणि चौदा आठवड्यांना आणि वर्धक डोस नऊ महिन्यांना दिला जातो.

या दोन्ही लसी संयुग्म प्रकारच्या आहेत. दोन वर्षांखालील मुलांची प्रतिकारशक्ती जीवाणूच्या शर्करेच्या कवचाला नीट ओळखू शकत नाही. त्या शर्करेला प्रथिनाची जोड दिल्यास शरीर तिला ओळखते आणि ती ओळख दीर्घकाळ लक्षात ठेवते. नाकाघशातील जीवाणूंचे वास्तव्यही या लसींमुळे घटते आणि लस न घेतलेल्यांनाही काही अंशी संरक्षण मिळते.

मेनिंगोकोकसविरोधी लस भारतातील नियमित कार्यक्रमात नाही. हज यात्रेकरूंना ती घेणे बंधनकारक आहे. प्लीहा काढलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींना डॉक्टर तिचा सल्ला देतात. आफ्रिकेसाठी या जीवाणूच्या अ गटाविरुद्धची स्वस्त लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केली आणि २०१० पासून ती तेथे देण्यात येऊ लागली. त्यानंतर त्या गटाच्या साथी थांबल्या. याच संस्थेच्या पाच गटांविरुद्धच्या लसीला २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली आणि २०२४ मध्ये नायजेरियाने ती सर्वप्रथम वापरली.

प्रतिबंध : संपर्कातील व्यक्ती

मेनिंगोकोकसच्या रुग्णाच्या घरातील व्यक्ती आणि निकट सहवासातील लोक यांना रिफाम्पिसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा सेफ्ट्रिआक्झोन यांपैकी एक औषध लवकरात लवकर, शक्यतो चोवीस तासांत, दिले जाते. हिबच्या रुग्णाच्या घरात लसीकरण अपूर्ण असलेले लहान मूल असल्यासही असे औषध द्यावे लागते. न्यूमोकोकसच्या रुग्णाच्या संपर्कातील व्यक्तींना सर्वसाधारणपणे त्याची गरज नसते. हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

घरातील प्रौढाला फुप्फुसाचा क्षय झाल्यास सर्व मुलांची तपासणी करून घ्यावी. क्षय नसल्याची खात्री झाल्यावर मुलांना प्रतिबंधक औषध सुरू केले जाते. पाच वर्षांखालील मुलांना याची सर्वाधिक गरज असते, कारण त्यांच्यात संसर्ग मेंदूपर्यंत पोहोचण्याची शक्यता अधिक असते. मूल ठणठणीत दिसते म्हणून हे औषध टाळले जाते, आणि नेमकी तेथेच मेंदूज्वर रोखण्याची संधी वाया जाते. क्षयासंबंधी माहिती १८००-११-६६६६ या निःशुल्क क्रमांकावर मिळते.

कधी धावपळ करावी?

तापासोबत मान आखडणे, झटका येणे, शुद्ध हरपणे, टाळू वर येणे किंवा अंगावर न मावळणारे ठिपके यांपैकी एकही लक्षण दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. महाराष्ट्र आणि तामिळनाडूसह अनेक राज्यांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका उपलब्ध होते. झटका आल्यास मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा, पाणी किंवा कांदा घालू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०३० पर्यंत लसीने टाळता येणाऱ्या जीवाणूजन्य मेंदूज्वराचे रुग्ण निम्म्यावर आणण्याचे आणि मृत्यू ७० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यासाठी लागणाऱ्या लसी आज गावच्या उपकेंद्रातही मिळतात. लसीकरण कार्डावरील राहिलेली रकाने वेळेवर भरणे आणि संशय येताच रुग्णालयात जाणे, या दोन गोष्टी मात्र घरातूनच सुरू व्हाव्या लागतात.